ताप उतरला, खोकला राहिला, आणि ऑपरेशनची तारीख तोंडावर

पत्र : माझी आई ५८ वर्षांची आहे. तिला बेंबीजवळ हर्निया आहे. दुर्बिणीतून ऑपरेशन करून जाळी बसवायची ठरली आहे आणि तारीख दहा दिवसांवर आली आहे. १९ दिवसांपूर्वी तिला थंडी वाजून ताप आला, १०२ पर्यंत गेला. तपासणीत इन्फ्लुएन्झा ए निघाला. पाच दिवस गोळ्या झाल्या, ताप चौथ्या दिवशी उतरला. पण कोरडा खोकला अजून आहे, रात्री जास्तच. जिना चढताना मध्येच थांबते. शुगर दहा वर्षांपासून आहे, बीपीची गोळी चालू आहे. सकाळ-संध्याकाळ मशेरी लावते. खोकल्यासाठी आमच्या डॉक्टरांनी पाच दिवस स्टिरॉइडच्या गोळ्या दिल्या होत्या. ऑपरेशनसाठीचा फिटनेस तापाच्या आधीच झाला आहे. भाऊ मस्कतहून खास रजा काढून येतोय, विम्याची मंजुरीही आली आहे. घरातले सगळे म्हणतात, ताप येऊन गेल्याचं हॉस्पिटलमध्ये सांगू नका, उगाच तारीख पुढे ढकलतील. नणंद म्हणते, पाठीतून भूल द्यायला सांगा, म्हणजे खोकल्याचा प्रश्नच येत नाही. आई मात्र एकच विचारते, "भूल दिल्यावर मला जाग येईल ना?" आम्ही काय करावं? – एक वाचक, कराड

ताई,

आधी उत्तर सांगतो, कारणं मागाहून. हॉस्पिटलला आजच फोन करा. रिसेप्शनवर नुसता निरोप ठेवून थांबू नका. "फिटनेस झाल्यानंतर पेशंटला फ्लू झाला, खोकला अजून आहे, आम्हाला भूलतज्ज्ञांशी बोलायचंय," एवढं स्पष्ट सांगा. लगेच तारीख बदलतील असं नाही, पण आईंना पुन्हा तपासायला बोलावतील, आणि आत्ता तेच हवं आहे. छातीला स्टेथोस्कोप लावल्याशिवाय 'करा' किंवा 'करू नका' असा निकाल कुणीच देऊ नये, मीही पत्रावरून देणार नाही. तरीही रात्रीचा खोकला आणि जिन्यात थांबणं, या दोन गोष्टी वाचल्यावर मला वाटतं की ही तारीख पुढे जाईल, आणि ती जावी.

तुमच्या घरच्यांवर मी रागावलेलो नाही. सव्वीस वर्षं भूल देतोय, 'सांगू नका' हा सल्ला घरोघरी दिला जातो हे मला माहीत आहे. काही वर्षांपूर्वी पित्ताशयातल्या खड्यांचं ऑपरेशन होतं. चाळिशीतला माणूस. थिएटरबाहेरच्या खोलीत मी नेहमीप्रमाणे विचारलं, "महिन्याभरात सर्दी, ताप, खोकला?" त्यानं बायकोकडे पाहिलं आणि "नाही" म्हणाला. त्या पाहण्याकडे मी लक्ष द्यायला हवं होतं. भूल दिली, श्वासनलिकेत नळी घातली, हातातला फुगा दाबला, तर तो दाबलाच जाईना. एरवी तो फुगा मऊ असतो, बोटांनी दाबला की पेशंटची छाती वर येते. त्या दिवशी तो हवा गच्च भरलेल्या चेंडूसारखा लागत होता. श्वासनलिका आवळल्या होत्या. ऑक्सिजन मोजणारं यंत्र प्रत्येक ठोक्याला बारीक आवाज करतं, आणि ऑक्सिजन उतरू लागला की त्या आवाजाचा सूरही उतरत जातो. तो सूर उतरायला लागला की थिएटरमध्ये कुणी कुणाशी बोलत नाही. भूल खोल केली, नळीतून दम्याचं औषध दिलं, इंजेक्शनं दिली. सात-आठ मिनिटांनी छाती मोकळी झाली. ऑपरेशन न करताच त्याला शुद्धीवर आणलं. संध्याकाळी बायको रडत म्हणाली, ताप येऊन दहाच दिवस झाले होते, पण तारीख हुकेल म्हणून आम्ही बोललो नाही. ती माणसं खोटारडी नव्हती. वर्षभर पै-पै करून त्यांनी पैसे जमवले होते. पण भूल देणाऱ्याला जे माहीत नाही त्याची तयारी तो करू शकत नाही. आधी कळलं असतं तर मी तारीख पुढे नेली असती, आणि थांबणं शक्यच नसतं तर निदान औषधं भरून, वेगळ्या पद्धतीनं सुरुवात केली असती.

ताप उतरला म्हणजे आजार संपला, असं आपण धरून चालतो. श्वासनलिकेच्या बाबतीत ते खरं नाही. तिच्या आतल्या अस्तरावर डोळ्यांना न दिसणारे बारीक केस असतात. वाऱ्यावर गव्हाचं शेत हलावं तसे ते सारखे हलत असतात आणि धूळ, जंतू, कफ वर घशाकडे लोटत राहतात. फ्लूचा विषाणू नेमकं हेच अस्तर सोलून काढतो. ते पुन्हा उगवायला आठवडे लागतात. तोवर खालचे मज्जातंतू उघडे पडल्यासारखे असतात. थंड हवा, फोडणीचा धूर, उदबत्ती, कशानंही उबळ येते. आईंचा रात्रीचा खोकला बहुधा याच जातीचा आहे. फुप्फुसात जंतू बसलेत असं त्यावरून म्हणता येत नाही, पण वाट अजून हळवी आहे. त्यात नळी घातली की ती चिडते. हा हळवेपणा साधारण दोन ते सहा आठवडे टिकतो. दमा असलेल्यांत, धुरात वावरणाऱ्यांत त्याहून जास्त.

आईंच्या ऑपरेशनमध्ये आणखी दोन गोष्टी आहेत. दुर्बिणीच्या ऑपरेशनला पोटात कार्बन डायऑक्साइड वायू भरून पोट फुगवावं लागतं. त्यानं श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला पडदा, वर ढकललं जातं आणि फुप्फुसाचा खालचा भाग दबतो. निरोगी छातीला हे सहज झेपतं. हळव्या छातीतला कफ मात्र तिथेच अडकतो. दुसरी गोष्ट हर्नियाची. हर्निया म्हणजे पोटाच्या भिंतीला पडलेलं भोक, आणि आपण ते जाळीनं बुजवणार. खोकल्याची प्रत्येक उबळ त्या भिंतीवर आतून धक्का देते. जाळी शरीराशी एकजीव व्हायला काही आठवडे लागतात, आणि सुरुवातीच्या दिवसांत रात्रभर खोकणं म्हणजे ओल्या गिलाव्यावर हातोडी मारणं. शिवाय ताज्या टाक्यांनी खोकायला दुखतं, म्हणून माणूस खोकला दाबतो, कफ आत राहतो आणि न्यूमोनियाला आमंत्रण मिळतं. भूल निर्विघ्न पार पडली तरी पुढचा पंधरवडा आईंनाच काढायचा आहे.

नणंदबाईंचा प्रश्न चांगला आहे, पुष्कळ जण तो विचारतात. पाठीतून भूल दिली की घशात नळी जात नाही, श्वासनलिकेला हात लागत नाही, हे खरं. काही पेशंटमध्ये आम्ही मुद्दाम तीच निवडतो. पण दुर्बिणीतून पोट फुगवून करायच्या ऑपरेशनला बहुतेक वेळा पूर्ण भूलच लागते. आणि पाठीतली भूल खोकला थांबवत नाही. पेशंट जागा असतो, उताणा पडलेला असतो, त्याला उबळ येते आणि सर्जनच्या हाताखालचं पोट उसळतं. भूल वर चढली की पोटाचे आणि बरगड्यांचे स्नायू सैल पडतात, मग कफ काढण्यापुरतं जोरात खोकताही येत नाही. तेव्हा ती पळवाट म्हणून मागू नका. कोणती भूल द्यायची हे भूलतज्ज्ञांना ठरवू द्या, तुम्ही त्यांना खरं काय ते सांगा.

आता थांबायचं किती? कोव्हिडनंतर याचा खूप मोठा अभ्यास झाला, म्हणून तो सांगतो. ऑक्टोबर २०२० मध्ये ११६ देशांतल्या १ लाख ४० हजारांहून अधिक ऑपरेशनच्या पेशंटची नोंद झाली आणि २०२१ मध्ये ती प्रसिद्ध झाली. कोव्हिड न झालेल्यांत ऑपरेशननंतर महिन्याभरात दगावण्याचं प्रमाण शेकडा दीड होतं. कोव्हिड होऊन दोन आठवडे व्हायच्या आत ज्यांचं ऑपरेशन झालं त्यांच्यात ते शेकडा चारच्या वर गेलं. पाचव्या-सहाव्या आठवड्यातही शेकडा साडेतीनच्या वर होतं. सात आठवड्यांनंतर ते पुन्हा दीडवर आलं. पण त्याच अभ्यासातला एक बारकावा मला जास्त मोलाचा वाटतो. सात आठवडे उलटूनही ज्यांची लक्षणं गेली नव्हती, त्यांच्यात हे प्रमाण शेकडा सहा होतं. म्हणजे आठवडे मोजायचेच, पण त्याहून आधी लक्षणं बघायची. हे आकडे लशीच्या आधीच्या काळातले आहेत. आता अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनांनी २०२३ मध्ये सांगितलंय की कोव्हिडनंतर किमान दोन आठवडे ठरवून करायचं ऑपरेशन टाळा, आणि दोन ते सात आठवड्यांच्या दरम्यान पेशंट पाहून ठरवा.

फ्लू म्हणजे कोव्हिड नव्हे, तो आकडा जसाच्या तसा इथे लावता येणार नाही. मी स्वतः काय करतो ते सांगतो. खोकला पूर्ण थांबू देतो, पेशंट आजारापूर्वी जेवढं चालत होता तेवढं चालू लागला का ते बघतो, आणि त्यानंतर आणखी दोन आठवडे जाऊ देतो. ऑपरेशन थांबण्याजोगं असेल तर सहा आठवडे हा मला बरा आडाखा वाटतो. आईंचा हर्निया आडवं पडल्यावर आपोआप आत जात असेल आणि दुखत नसेल, तर तो महिना-दीड महिना थांबू शकतो. हे मात्र सर्जनकडून तपासून घ्या.

आता १९ दिवसांच्या खोकल्याविषयी. तो फ्लूचाच आहे असं मी वर 'बहुधा' म्हटलं, कारण आणखी दोन-तीन शक्यता मोडून काढायला हव्यात. आपल्याकडे दोन आठवड्यांवरचा खोकला म्हटला की थुंकीची क्षयरोगासाठी तपासणी करायची, हा नियमच आहे, आणि शुगरच्या पेशंटनं तर तो पाळायलाच हवा. सरकारी दवाखान्यात ही तपासणी फुकट होते. यात लाजण्यासारखं काहीही नाही. आईंचा खोकला कोरडा आहे, थुंकी निघणार नाही असं वाटेल. सकाळी उठल्या उठल्या, खोल श्वास घेऊन खाकरल्यावर जे येतं ते बऱ्याचदा पुरतं. सोबत छातीचा एक्स-रे काढा. आणि बीपीच्या गोळीची पट्टी उलटून नाव वाचा. रॅमिप्रिल किंवा एनालाप्रिल असेल तर त्या गोळ्यांनीही असाच कोरडा, घसा खवखवणारा खोकला होतो. डॉक्टर ती बदलून देतील. स्वतःहून बंद करू नका.

जिन्यात थांबण्याची मला जास्त काळजी वाटते. आजारपणाच्या अशक्तपणानं असं होतं, पण विषाणूच्या तापानंतर क्वचित हृदयाच्या स्नायूलाही सूज येते. छातीत धडधड, पायावर सूज, उशी उंच घेतल्याशिवाय झोप न लागणं, यातलं काही असेल तर तारखेचा विचार बाजूला ठेवून फिजिशियनकडे जा. काहीच नसेल तरी ईसीजी नव्यानं काढून घ्या. तापाआधीचा फिटनेसचा कागद आता जुना झाला. तो ज्या शरीराचा होता ते मधल्या काळात आजारी पडून उठलं आहे.

शुगर. ताप आणि स्टिरॉइड, दोन्हींनी ती चढते. पाच दिवसांच्या गोळ्यांनी शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड बनणं सहसा बंद पडत नाही, ती काळजी नको. पण गोळ्यांची चिठ्ठी सोबत न्या आणि भूलतज्ज्ञांना दाखवा. ज्यांनी तीन आठवड्यांहून जास्त दिवस अशा गोळ्या घेतल्या असतील त्यांना ऑपरेशनच्या वेळी ते औषध वेगळं द्यावं लागू शकतं. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीए१सी तपासणी फिटनेसच्या वेळी झाली असेल, पण ती तापाआधीची. आता आठवडाभर घरच्या यंत्रावर उपाशीपोटीची आणि जेवणानंतर दोन तासांची शुगर लिहून ठेवा आणि ती वही घेऊन जा. शुगर चढलेली असताना जाळी बसवली तर तिथे जंतुसंसर्गाचा धोका वाढतो, आणि जाळीत एकदा पू झाला की तो निस्तरणं फार अवघड. आणखी एक, शुगरच्या गोळ्यांच्या नावात डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन किंवा कॅनाग्लिफ्लोझिन आहे का पाहा. हल्ली एकाच गोळीत दोन-तीन औषधं असतात, म्हणून बारीक अक्षरं वाचा. ही औषधं ऑपरेशनच्या किमान तीन दिवस आधी थांबवावी लागतात. उपाशी राहिल्यावर ती चालू असतील तर रक्तात आम्ल साठू शकतं आणि यंत्रावर शुगर मात्र ठीक दिसते, त्यामुळे ते लक्षातही येत नाही. कधी थांबवायची आणि त्याऐवजी काय घ्यायचं, हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या.

मशेरीबद्दल तुम्ही आपणहून लिहिलंत याचा मला फार आनंद झाला. "तंबाखू खाता का?" असं विचारलं की आमच्याकडच्या बायका सरळ "नाही" म्हणतात, आणि त्यांच्या लेखी ते खरंच असतं. मशेरी म्हणजे तंबाखू असं त्यांना वाटतच नाही, ती दात घासायची वस्तू. म्हणून मी आता "सकाळी दाताला काय लावता?" असंच विचारतो. भाजलेल्या तंबाखूची ती पूड हिरडीवर घासली की निकोटीन थेट रक्तात जातं, नाडी आणि बीपी वाढवतं, बारीक रक्तवाहिन्या आवळतं, आणि जखमेला रक्त कमी पोचलं की ती भरायला वेळ लागतो. चार आठवडे आधी सुटली तर उत्तम. तारीख पुढे गेली तर हे चार आठवडे आयतेच मिळतात. एकदम सोडली की पहिले काही दिवस डोकं दुखतं, चिडचिड होते, पोट साफ होत नाही. घरच्यांनी ते समजून घ्यावं, त्यावरून बोलू नये. मशेरीच्या डबीच्या जागी बडीशेप किंवा लवंग ठेवा. हाताला आणि तोंडाला सवयीचं काहीतरी लागतं.

याच काळात छातीची तयारी करा. मेडिकलच्या दुकानात तीन गोळ्यांचं (छोट्या चेंडूंचं) श्वासाचं यंत्र मिळतं. दहातले आठ जण त्यात फुंकतात. फुंकायचं नाही, ओढायचं. नळी ओठांत घट्ट धरायची, सावकाश श्वास आत घ्यायचा, गोळी वर गेली की दोन-तीन सेकंद तिथेच धरायची, मग सोडायचं. सकाळ, दुपार, संध्याकाळ दहा-दहा वेळा, बसून. उबळ आली तर थांबा, जबरदस्ती नको. आणि एक उशी पोटाशी दोन्ही हातांनी घट्ट धरून खोकायला आत्ताच शिकवा. ऑपरेशननंतर दुखत असताना ते शिकवून जमत नाही. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये पोटाची मोठी, उघडी ऑपरेशन व्हायची होती अशा ४४१ पेशंटवर २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. निम्म्यांना फिजिओथेरपिस्टनं ऑपरेशनच्या आधी एकदाच, अर्धा तास बसवून श्वासाचे व्यायाम शिकवले, ऑपरेशननंतर ते लगेच का करायचे हे समजावलं. त्यांच्यात छातीच्या तक्रारी दुसऱ्या निम्म्यांपेक्षा जवळपास अर्ध्याच झाल्या. आईंचं ऑपरेशन त्याहून लहान आहे, पण अर्ध्या तासाच्या शिकवण्याला एवढं यश येत असेल तर ते चुकवू नये.

चालणं रोज थोडं वाढवा, आज दारापासून कोपऱ्यापर्यंत, आठवड्यानं देवळापर्यंत. न थांबता दोन जिने चढून वर गेल्यावर पूर्ण वाक्य बोलता आलं की भूल पेलायची ताकद बऱ्यापैकी परतली असं मी मानतो. आजारपणात जेवण तुटलेलं असतं. डाळ, मटकी, ताक, पनीर, चालत असेल तर अंडी-मासे, यातलं काहीतरी दर जेवणात हवं. हिमोग्लोबिन बघा. बायकांत ते बाराच्या खाली असेल तर आधी त्याचं कारण शोधून उपचार करायचे. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या तर चहासोबत घेऊ नका, लिंबूपाण्यासोबत घ्या.

काढे, गुळवेलीच्या गोळ्या, लसणाच्या कॅप्सूल, जे काही चालू असेल ते सगळं यादीत लिहा. त्यावरून कुणी ओरडणार नाही. काही वनौषधींनी रक्त पातळ होतं, काहींचा यकृतावर ताण येतो, एवढ्यासाठीच विचारतो. काही थांबवायचं असेल तर किती दिवस आधी, हेही भूलतज्ज्ञ सांगतील.

थांबण्याच्या काळात हर्नियाकडे रोज लक्ष ठेवा. फुगवटा कडक झाला, दाबून आत जाईना, दुखू लागला, वरची कातडी लाल पडली, उलट्या सुरू झाल्या किंवा गॅस आणि शौच बंद झाली, तर आतडं अडकलेलं असू शकतं. तेव्हा खोकला, शुगर, भाऊ, विमा काही बघायचं नाही. रात्रीचे दोन वाजलेले असले तरी थेट मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत. अशा वेळी आम्ही खोकल्यासकट भूल देतो, कारण थांबण्याचा धोका जास्त असतो. तसंच ताप पुन्हा चढला, थुंकीत रक्त आलं, बसल्या जागी दम लागला किंवा बोटावरच्या यंत्रावर ऑक्सिजन ९४ च्या खाली दिसला, तर छातीसाठी त्याच दिवशी डॉक्टर गाठा. फ्लू बरा होता होता पुन्हा ताप येणं ही न्यूमोनियाची ओळखीची खूण आहे.

नवी तारीख मिळाली की आदल्या आठवड्यात घरातल्या सर्दी-तापवाल्यांपासून आईंना लांब ठेवा, नातवालासुद्धा. उपाशी राहण्याच्या वेळा हॉस्पिटल सांगेल. साधारण हिशेब असा की जेवण सहा तास आधी बंद, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. घोटाळा होतो तो चहाचा. "काही खाल्लं नाही, फक्त अर्धा कप चहा घेतला" हे मी आठवड्यातून एकदा तरी ऐकतो. दुधाचा चहा हा आमच्या हिशेबी खाण्यातच येतो, त्यालाही सहा तास. मशेरी तर त्या सकाळी नकोच. बीपीच्या गोळ्यांपैकी कोणती घोटभर पाण्यासोबत घ्यायची आणि कोणती टाळायची, हे आधीच विचारून ठेवा. हलणारा दात असेल तर सांगा.

भावाची रजा. त्याला आज रात्रीच कळवा, तिकीट बदलता येतंय तोवर. माझं मत विचाराल तर ऑपरेशनच्या दिवशी थिएटरबाहेर बसण्यापेक्षा त्याची गरज नंतरच्या आठवड्यात जास्त आहे, आईंना उठवायला, चालवायला, जड बादली उचलू न द्यायला. विम्याची मंजुरी किती दिवस चालते आणि नव्या तारखेला पुन्हा अर्ज करावा लागेल का, हे हॉस्पिटलच्या विमा काउंटरवर विचारा. तारीख वैद्यकीय कारणानं पुढे गेली असं सर्जनकडून लेखी घ्या, तो कागद पुढे कामाला येतो.

या पावसाळ्यात इतरांचीही अशी पत्रं आली आहेत, त्यांच्यासाठी दोन शब्द. डेंग्यूनंतर छातीपेक्षा प्लेटलेट आणि यकृत बघायचं असतं. प्लेटलेट वाढून स्थिर झाल्या का, हे एका रिपोर्टवर कळत नाही, ओळीनं दोन-तीन रिपोर्ट हवेत. बहुतेक ऑपरेशनना ५० हजार पुरतात, पण पाठीतून भूल द्यायची तर त्याहून जास्त लागतात, कारण तिथे झालेला छोटा रक्तस्रावही मज्जारज्जूला दाबू शकतो. लहान मुलांचं टॉन्सिल, हर्नियाचं ऑपरेशन असेल आणि नाक गळत असेल तर लपवू नका. मुलांचा घसा भूल देताना पटकन आवळला जातो. साधी सर्दी असेल तर साधारण दोन आठवडे, छाती वाजत असेल तर त्याहून जास्त थांबतात. आणि घरात कुणी विडी-सिगरेट ओढत असेल तर तेही सांगा.

ताई, आता आईंचा प्रश्न. "जाग येईल ना?" तुम्ही त्याला "काही होत नाही, घाबरू नकोस" असं उत्तर दिलं असेल. मीही माझ्या आईला तेच म्हणालो होतो, आणि ती गप्प बसली होती, पण तिचं समाधान झालं नव्हतं. आईंना तो प्रश्न भूलतज्ज्ञांना स्वतः विचारू द्या. तपासणीला त्यांच्याबरोबर आत जा, पण उत्तरं त्यांना देऊ द्या. खोकला किती वेळा येतो, रात्री उशा किती घेतात, मशेरी किती, हे त्याच नीट सांगतील. मी माझ्या पेशंटना सांगतो की भूल म्हणजे एकदा इंजेक्शन देऊन आम्ही निघून जात नाही. ऑपरेशन संपून तुम्ही डोळे उघडून स्वतःचं नाव सांगेपर्यंत भूलतज्ज्ञ तुमच्या डोक्याशी उभा असतो, प्रत्येक श्वास मोजत. आईंनी हे स्वतःच्या कानांनी ऐकलं की त्यांची झोप सुधारेल. तपासणीला जाताना औषधांच्या सगळ्या पट्ट्या, स्टिरॉइडची चिठ्ठी, शुगरची वही आणि मशेरीची डबीसुद्धा एका पिशवीत घ्या, आणि पिशवी त्यांच्याच हातात द्या.